उत्तर: गिअरबॉक्स रिबिल्ड केला तरी धक्के बसतात

भाऊ, तुम्ही लिहिलंय की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स रिबिल्ड (उघडून, घासलेले भाग बदलून परत जोडणं) झाल्यापासून दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना धक्का बसतो, धुळ्याहून जळगावला येईस्तोवर वाढतो, आणि मेकॅनिक म्हणतो नव्या क्लच प्लेटा आहेत, चालवत राहा, बसतील... त्याचं अर्धंच खरंय. जुन्या घासलेल्या प्लेटांच्या हिशोबाने गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ऑइलचं प्रेशर शिकलेला असतो, तेच प्रेशर नव्या प्लेटांना दिलं की झटका देणारच ना भो! म्हणून आधी विचारा की स्कॅनर लावून अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे कॉम्प्युटरचं हे जुनं शिकलेलं, रिसेट केलं का, नुसती बॅटरीची वायर काढून ते बऱ्याच गाड्यांत जात नाही.

पण गरम झाल्यावर वाढतंय म्हणजे मला गिअरबॉक्सच्या ऑइलवर जास्त संशय आहे. लेव्हल बघायची ती सपाट जागेवर, बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं असताना, आणि ते तापमान स्कॅनरवर वाचायचं, मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्रीत हात लावून काय कळणार, बोनटच तवा झालेला असतो. शिवाय मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑइल टाकलंय का? "सगळ्यांना चालतं" वालं असेल तर आधी ते बदला.

एवढं करूनही धक्का राहिला तर व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल कुठल्या क्लचला जायचं ते ठरवणारा भाग) आणि सोलेनॉइड (तिच्यातले विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) बघा. रिबिल्डमध्ये प्लेटा-सील बदलतात पण व्हॉल्व्ह बॉडी बऱ्याचदा नुसती धुऊन परत बसवतात, गिअरबॉक्सचा ऑइल कूलर तर बरेच जण फ्लशच (आतून साफच) करत नाहीत, मग जुना कचरा परत आत. बिलात या दोन्हीचं काय लिहिलंय ते इथे टाका, आणि तोवर कन्नड घाटात गाडी नेऊ नका.