अनुभव: साइट चालू आहे का बघणारा मॉनिटर पहिल्यांदा बसवला तेव्हा…

सातरस्ता
काल रात्री लाईट गेली, पंखा थांबला आणि जुनी फजिती आठवली. मामांच्या मागावरच्या चादरींच्या दुकानाची साइट घरच्याच रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा संगणक) टाकलेली. त्याच पायवर अपटाइम कुमा, म्हणजे साइटवर पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर. डॉकरची (सॉफ्टवेअर बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) एक ओळ, ब्राउझरात ३००१ पोर्टवर पान, दर ६० सेकंदांनी तपासणी, बंद पडली की टेलिग्रामवर मेसेज. अर्ध्या तासात काम, कॉलर ताठ. अन् सोलापुरात ऐन गड्ड्याच्या यात्रेत लाईट गेली. साइट बंद, कुमाही बंद, मेसेज पाठवणार कोण? मी होम मैदानावर भजी खातोय आणि मामांचा फोन, "तुझा वॉचमन झोपला का रे?"
तुमचेही येऊ द्या.

शेंगाचटणी
चोराच्या घरातच पोलीस चौकी 😂

कडकभाकरी
माझं उलटं. रीट्राय, म्हणजे बोंब मारण्याआधी पुन्हा किती वेळा तपासायचं तो आकडा, शून्य ठेवलेला. एप्रिलात राउटर तापून आचके द्यायचा. बंद, चालू, बंद, चालू… बायकोनं फोन नेऊन धान्याच्या डब्यात टाकला. रीट्राय ३ केले, मग घरात शांतता.

उत्तरकसबा
वडिलांचे माग होते. त्या खडखडाटात गाढ झोपायचे, पण एक जरी माग थांबला की ताडकन उठून बसायचे. त्यांना पुश मॉनिटर समजावत होतो, की मशीनच दर मिनिटाला "हाय" म्हणतं, म्हणायचं थांबलं की बोंब. तर म्हणाले, "यात नवं काय सांगायलास?"
@सातरस्ता कुमा बाहेर भाड्याच्या सर्व्हरवर टाका, घरचा पाय नुसती हजेरी लावू दे.

सातरस्ता
तेच केलं शेवटी. पण मामांचे माग अजून चालू आहेत का विचारू नका.

जुनीमिल
कुमाला व्हॉल्यूम (डेटा कंटेनरबाहेर जपायची जागा) जोडायचा विसरलो होतो. नवीन आवृत्तीसाठी कंटेनर उडवला, मॉनिटर, पासवर्ड, सगळं साफ. परत हातानं भरत बसलो. घाईत आहे, कुकर लावलाय

कडकभाकरी
साइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटची (https चं) मुदत संपत आल्याची सूचना चालू ठेवा बरं का. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते ते ९० दिवसांचं असतं, आपोआप नूतनीकरण बंद पडलेलं कळतच नाही. मला गिऱ्हाइकानं सांगितलं, "साइट धोक्याची आहे म्हणतंय."

शेंगाचटणी
ते सोडा, नळाला मॉनिटर बसवा कुणीतरी. आज पाणी आहे का जुन्या गावठाणात?

उत्तरकसबा
आलंय की! मघापासून. मोटार लावा पळा

शेंगाचटणी
गेलं.