मदत हवी आहे: अर्धचंद्राकृती शाल, दोन लड्या, दोन छटा

मंडळी, वसंत ऋतूसाठी हलकी शाल विणतेय. हाताने रंगवलेल्या बारीक लोकरीच्या दोन लड्या आहेत, प्रत्येकी १०० ग्रॅम. ७ टाक्यांपासून सुरुवात केली, दर ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवतेय, आता सुईवर २३१ टाके आहेत. वीण एक सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत अदलाबदल. दाणे छान उठलेत.

पहिल्या लडीत जेमतेम १२ ग्रॅम लोकर उरलीय. दुसरी लडी उघडली तर ती चक्क जास्त हिरवी! दोन्ही घेताना एकच रंग वाटला होता. (दिव्याच्या उजेडात लोकर निवडू नये, हे मलाच कळायला हवं होतं.) आधीपासून दोन-दोन ओळींनी लड्या आलटून पालटून घ्यायच्या होत्या, पण कडेला धागे लोंबतात म्हणून आळस केला.

आता थोडं उसवून शेवटच्या २० ओळींत दोन्ही लड्या मिसळू, की सरळ दुसऱ्या लडीने जाळीची किनार करू? आणि वरची कड आत ओढली जातेय. ती धुऊन, टाचण्या लावून ताणल्यावर सुटेल, की वाढवलेले टाकेच घट्ट पडलेत? उसवायचं असेल तर आत्ताच सांगा, जीव घट्ट करते.