शब्दचर्चा: व्हर्च्युअल मेमरी लेआउट – आभासी, मानीव की अजून काही?

चौथी सीट
मंडळी जरा अडलंय. भांडुपला रविवारी सकाळी डिप्लोमाची चार पोरं घरी येतात, त्यांना लिनक्सच्या पोटात काय चालतं ते शिकवतो आणि ह्या वेळी नोट्स मराठीत देतो असं माझ्या तोंडून निघून गेलं. फळ्यावर 'आभासी स्मृतीची मांडणी' लिहिलं तर एकजण लगेच, "सर, म्हणजे ती मेमरी नसतेच का, नुसती दिसते?" बाकीचे हसले, पण मला पण पटकन उत्तर सुचलं नाही. पुढच्या रविवारी कर्नल (लिनक्सचा गाभा, सगळ्या प्रोग्रामांवरचा मालक) बिल्ड करताना कॉन्फिगरेशनमधला 'मेमरी स्प्लिट' दाखवायचाय, त्याआधी शब्द सुचवा प्लीज.

पार्ल्याची
पोराचं काही चुकलं नाहीये हो. आभास म्हटलं की आपल्या डोक्यात आधी खोटंच येतं. हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा दिसतो पण हेतू नाही, विरोधाभासात विरोध वरवरचा, शाळेतल्या आरशातली आभासी प्रतिमा तर पडद्यावर घेताच येत नाही. त्यात पेपरवाल्यांनी आभासी चलन, आभासी सभा करून शब्दाचा पार भुगा केला. लॅटिनमधलं मूळ आहे 'व्हर्टुस', म्हणजे अंगातली ताकद, गुण. त्यावरून व्हर्च्युअल म्हणजे नावाने ते नसेल पण कामाला तेच. आपला शब्द नेमका उलट्या टोकाला जाऊन बसला. मी म्हणेन 'मानीव'. सोसायटीच्या मीटिंगला बसलेल्या माणसाला मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने जागा नावावर करून दिली नाही तरी दिलीच असं मानायचं, हे समजावून सांगावं लागत नाही.

गिरगावकर
ताई मानीव म्हटलं की मला बिल्डर आठवतो आणि बीपी वाढतं 😄

लिफ्ट बंद, पाचवा मजला
मी ह्याच कामात आहे म्हणून बोलतो. मुळात आभासी काय आहे ते बघा ना, मेमरी नाही, पत्ता आहे. प्रत्येक चाळीत खोली नंबर 12 असते की नाही? ह्या चाळीतल्या 12 मधे जोशी आणि त्या चाळीतल्या 12 मधे साळवी, पत्ता एकच पण घर वेगळं, आणि दोघांनाही वाटतं 12 नंबर म्हणजे आपलीच. प्रत्येक प्रोग्रामचं असंच असतं, आणि कुठल्या चाळीतली 12 म्हणजे रॅममधली नक्की कुठली जागा हे पेज टेबलात लिहिलेलं असतं, पोस्टमनच्या वहीसारखं. आता खोलीही खरी आहे आणि त्यातला माणूसही खरा, मग खोटं काय? म्हणून आधी 'स्मृती' काढा, 'मानीव पत्ता' आणि 'खरा पत्ता' अशी जोडी करा, पोरगं परत तो प्रश्न विचारणार नाही.

आणि गंमत म्हणजे मँचेस्टरला 1962 साली अॅटलस मशीनवर हे पहिल्यांदा केलं तेव्हा करणाऱ्यांनी त्याला व्हर्च्युअल म्हटलंच नव्हतं, 'वन-लेव्हल स्टोअर' म्हणायचे. पान, म्हणजे पेज, मेमरीचा एकदम हलवायचा तुकडा, 512 शब्दांचं होतं. (हा शब्द म्हणजे 48 बिटचा बरं का, पार्ल्याच्या ताई रागवायच्या.)

नकाशावाला
आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे, कर्नल वगैरे कळत नाही, पण लेआउट रोज बघतो. सरकारी कागदावर लेआउटला 'अभिन्यास' लिहितात, तो नोट्समधे घातलात तर पोरं पळून जातील. आखणी आणि मांडणी मात्र एक नाहीत. दोरी लावून चुन्याची फक्की मारतो ती आखणी, तेव्हा जागेवर वीट पण नसते. राहायला आल्यावर कपाट कुठे, पलंग कुठे, ती मांडणी. तुमचं नक्की कुठलं?

चौथी सीट
आयला, हे भारी आहे. कारण आमच्यात दोन्ही असतात आणि मी दोन्हीला मांडणीच म्हणत होतो. 32 बिटमधे पत्ते एकूण 4 जीबीचे, त्यातले खालचे 3 प्रोग्रामला आणि वरचा 1 कर्नलला, रेष सी आणि पुढे सात शून्यं ह्या पत्त्यावर (पत्ते सोळाच्या पायावर लिहितात, म्हणून आकड्यांत अक्षरं). ही रेष बिल्ड करतानाच मारलेली असते, ती आखणी. पण एकाच आखणीत प्रोग्रामचे स्टॅक, लायब्रऱ्या असे भाग दर वेळी वेगळ्या ठिकाणी जाऊन बसतात, सुरक्षेसाठी मुद्दाम हलवतात, ती मांडणी.

माझ्याकडचा जुना नेटबुक 1 जीबी रॅमचा आहे. त्यावर 3-1 ठेवलं की कर्नलला सरळ हाताशी 896 एमबीच येते, उरलेली हायमेममधे, म्हणजे लागेल तेव्हा तात्पुरती जोडून घ्यायची. कारण कर्नलच्या 1 जीबीतले 128 एमबी पत्ते त्याच्या इतर कामांना राखीव. तिथे एक पर्याय आहे, रेष बी आणि सात शून्यांवर आणायची, मग प्रोग्रामला 2.75 आणि कर्नलला 1.25 मिळतात आणि अख्खी 1 जीबी हाताशी बसते.

गिरगावकर
म्हणजे भावाभावातली वाटणी. स्प्लिट म्हणजे वाटणी, विषय संपला.

लिफ्ट बंद, पाचवा मजला
वाटणी एकदम फिट. 64 बिटवर भांडणच मिटलं, 48 बिटच्या पत्त्यात खाली 128 टीबी, वर 128 टीबी आणि मधे माळरान. फक्त वाटणी म्हणताना एक सांगा, कर्नलचा भाग प्रत्येक प्रोग्रामच्या नकाशात असायचा पण कुलपात, गच्ची सगळ्यांची आणि किल्ली मालकाकडे तसं. 2018 ला प्रोसेसरमधली मेल्टडाउन नावाची चूक निघाली तेव्हा कळलं की कुलूप असलं तरी फटीतून आतलं दिसतंय, मग इंटेलवर गच्चीच नकाशातून पुसली, जिन्याचं दार तेवढं ठेवलं.

पार्ल्याची
आणि स्वॅपला, रॅममधलं डिस्कवर टाकून ठेवतात त्याला, अदलाबदल नका हं लिहू, काही बोध होत नाही.

गिरगावकर
पोटमाळा! लागत नाही ते वर टाकायचं आणि लागलं की शिडी लावायची. रॅम कमी असली की दिवसभर शिडीवरच.

चौथी सीट
माळा घेतला. कर्नलच्या सेटिंगमधे स्वॅपीनेसचा आकडा मुळात 60 असतो तो 'माळ्यावर टाकायची खोड' म्हणून लिहितो. फळ्यावर आता 'मानीव पत्त्यांची आखणी', खाली 'वाटणी 3-1'. पेज फॉल्टला 'पान दोष' लिहिलं होतं ते पण खोडलं, दोष कुणाचाच नसतो त्यात, पान जागेवर नसतं एवढंच. 'पान गैरहजर' कसं वाटतं?

नकाशावाला
चालेल. हजेरी घेणारा कोण ते पण लिहा.