बाणकोट खाडीच्या दोन्ही काठांवरील गावांचा इतिहास: आरंभ कोठून करावा?

खाडीकाठचा:
नमस्कार. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट खाडीच्या दोन्ही अंगांना जी पाच-सहा गावे आहेत, त्यांचा एकत्रित इतिहास लिहावा असे आम्हा काही ग्रामस्थांच्या मनात आहे. दक्षिणेस बाणकोट आणि नाना फडणविसांचे वेळास, उत्तरेस बागमांडला आणि हरिहरेश्वर. आमच्या सोयरिकी, बाजार, जत्रा हे सारे खाडी ओलांडूनच चालत आलेले असल्यामुळे एकेका गावाची वेगळी पुस्तिका काढणे आम्हाला पटत नाही. एका जुन्या खोतांच्या (गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या) घरातील मोडी कागदांचे दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), देवळातील मानपानाची एक वही आणि ऐंशी ओलांडलेली काही माणसे, एवढे साहित्य हाताशी आहे. आधी कागद लावावेत की आधी माणसांकडे जावे, याविषयी अनुभवींनी मार्गदर्शन करावे.

मोडीवाचक:
गावे एकत्र घेण्याचा विचार योग्य आहे. मात्र खाडीच्या दोन काठांवर दोन वेगळी राज्ये होती, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे लागेल. बाणकोट १७५६ सालीच इंग्रजांकडे गेले आणि तेथील किल्ल्याला त्यांनी व्हिक्टोरिया हे नाव दिले. उरलेले दक्षिण कोकण त्यांच्या हाती आले ते १८१८ मध्ये. जिल्ह्याचे ठाणेही आरंभी बाणकोटासच होते, ते १८२२ मध्ये रत्नागिरीस हलले. समोरचा श्रीवर्धनचा मुलूख मात्र १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या संस्थानात राहिला. त्यामुळे एकाच खाडीची माहिती गॅझेटिअरच्या, म्हणजे इंग्रजी अमलातील जिल्हावार सरकारी माहितीग्रंथांच्या, दोन खंडांत विभागलेली सापडते: रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाबा व जंजिऱ्याचा १८८३ चा.

मोडी कागदांवरील सन बहुधा शुहूर, म्हणजे मराठेशाहीच्या दप्तरात चालणारी कालगणना, असेल आणि तो आकड्यात नव्हे तर अरबी शब्दांत लिहिलेला असेल. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावेत. पानिपताची लढाई, १४ जानेवारी १७६१, याच सनातली. ही बेरीज चुकल्यामुळे एक वर्ष मागेपुढे झालेल्या गावपुस्तिका मी कितीतरी पाहिल्या आहेत. रुमाल सोडण्यापूर्वी प्रत्येक कागदाचे छायाचित्र घ्या आणि कागदांचा मूळ क्रम मोडू नका, कारण कोणता कागद कशाशेजारी बांधला होता हाही पुरावाच असतो.

चाकरमानी:
वरील सल्ला मोलाचा आहे, तरीही मी क्रम उलटा लावीन. खोतांच्या घरचा कागद खोतांच्या बाजूने बोलतो. कोणी किती धारा (शेतसारा) भरला हे त्यातून कळेल. कुळाने मुसळधार पावसात लावणी कशी उरकली, हे कळणार नाही. कुळांची नावे आणि देणी शोधायची तर १८८० च्या खोती कायद्याखाली झालेले बोटखत, म्हणजे खोती गावाचे नोंदपत्रक, पाहावे. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडले, आणि त्यांचे मूळ गाव आंबडवे तुमच्याच मंडणगड तालुक्यातले. प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. त्या काळात लहान असलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. कागदाला वाळवी लागते हे खरे, पण छायाचित्र काढले की तो वाचतो, माणसाची आठवण तशी वाचत नाही.

आणखी एक ठिकाण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे मुंबई. गिरणगावातील गावकीच्या खोल्यांमधून (एका गावच्या लोकांच्या सामाईक खोल्यांमधून) चालणाऱ्या ग्रामस्थ मंडळांनी इतिवृत्ताच्या आणि जमाखर्चाच्या वह्या ठेवल्या आहेत. शाळेच्या इमारतीला किंवा देवळाच्या कौलांना कोणत्या वाडीने किती वर्गणी दिली आणि कोणत्या वाडीला बैठकीस बोलावलेच नाही, हे त्या वह्या नकळत सांगून जातात. स्त्रियांचा इतिहास तेथेही मिळणार नाही. त्यासाठी जात्यावरच्या ओव्या आणि सासर-माहेरच्या गावांची नावे घरोघर जाऊन टिपावी लागतील.

खाडीकाठचा:
दोघांचेही आभार. आपल्या उत्तरांनंतर पहिला रुमाल छायाचित्रे घेत सोडला. एका कागदावर ‘सलास सबैन मया व अलफ’ असा सन आहे, म्हणजे ११७३, अर्थात १७७२-७३ असे मी धरतो. विषय तरीच्या, म्हणजे होडीने खाडी ओलांडण्याच्या ठिकाणाच्या, उत्पन्नाच्या तंट्याचा दिसतो आणि पलीकडच्या काठावरील एका गावाचा त्यात उल्लेख आहे.

मोडीवाचक:
सन बरोबर काढलात. महिना वाचता आला तर दोनांपैकी नेमके कोणते वर्ष तेही ठरेल. मग मात्र मी चाकरमानी यांच्याशी अर्धा सहमत होतो: हाच कागद घेऊन तरीवर होडी वल्हवणाऱ्या घराण्यांतील वडीलधाऱ्यांकडे जा. उतारूंकडून पैसे घेत की वर्षाला धान्य, आणि दोन राज्यांच्या काठांवर हक्क कोणाचा मानला जाई, हे प्रथम विचारा.

चाकरमानी:
शिमग्याला जा. पालखीच्या दिवसांत मुंबईकरही गावी असतात, त्यामुळे वह्या कोणाच्या घरी आहेत तेही तेव्हाच कळेल.