फियामे नाओमी माताआफा यांचा तंबूतील शपथविधी

प्रश्न: सामोआच्या पहिल्या महिला पंतप्रधान फियामे नाओमी माताआफा यांनी २४ मे २०२१ रोजी संसदेबाहेर तंबूत घेतलेली शपथ वैध कशी ठरली?

उत्तर १: निवडणुकीनंतर ४५ दिवसांत संसद भरलीच पाहिजे, असे राज्यघटनेचे बंधन आहे आणि त्या अखेरच्या दिवशी संसदेला कुलूप होते, म्हणूनच अपील न्यायालयाने २३ जुलैला तो शपथविधी ग्राह्य धरला.

उत्तर २: मला मात्र त्यांचा २०२० मधील निर्णय अधिक धैर्याचा वाटतो. जमीन व पारंपरिक सरदारकीच्या पदव्यांचे वाद सोडवणाऱ्या न्यायालयाला सर्वोच्च न्यायालयापासून स्वतंत्र करणारी विधेयके न पटल्याने, १९८५ पासून संसदेत असलेल्या या नेत्याने उपपंतप्रधानपद सोडले.

उत्तर ३: त्यांचे वडील स्वतंत्र सामोआचे पहिले पंतप्रधान होते, हेही नोंदवावेसे वाटते.