संस्थेत काम करायचंय: एलएलबी करू की पब्लिक पॉलिसी?

सातपुडा:
बीए राज्यशास्त्र झालंय. वनहक्कांवर काम करणाऱ्या संस्थेतच राहायचं आहे, पुढे तिची जबाबदारी घ्यायचीही तयारी आहे. तीन वर्षांचं एलएलबी बरं की दोन वर्षांचं पब्लिक पॉलिसी? संस्था चालवणं वेगळं शिकावं लागतं का?

नदीकाठ:
वनहक्क असतील तर एलएलबी, दुसरा विचार नको. दावे अडकतात पुराव्यावर आणि मुदतीवर. वनहक्क नियमांतल्या नियम १३ प्रमाणे एकाहून अधिक पुरावे पाहिले जातात, म्हणून वनखात्याच्या दंडाच्या पावतीसोबत गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाबही जोडा. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे जायला ६० दिवस, तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे पुन्हा ६० दिवस. कारण न देता दावा फेटाळला तर तो आदेश का टिकत नाही, हे प्रशासकीय कायद्याच्या पेपरात कळतं. तो पेपर मनापासून करा.

एक आधीच ठरवा. सनद (वकिलीचा परवाना) घेऊन वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही (बार कौन्सिलचा नियम ४९). संस्थेत पगारावर असाल तर सनद स्थगित ठेवावी लागते. केसगणिक फी घेऊन काम केलंत तर अडचण नाही.

रानवाट:
पॉलिसी इतक्यात बाजूला सारू नका. दावा मंजूर झाला की पुढचे प्रश्न जीआरचे आणि बजेटचे. रोजगार हमीच घ्या: १९७२ च्या दुष्काळात योजना, १९७७ ला कायदा, आणि पैशाची सोय म्हणून व्यवसाय कर. माझ्या मते हक्काला खरा आधार त्या करानं दिला. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये २०१४ पासून एमपीपी (पब्लिक पॉलिसीची मास्टर्स पदवी) आहे, तिथे कायद्याची बाजूही मिळते. कुठेही अर्ज करण्याआधी अभ्यासक्रमात संख्याशास्त्र, बजेट वाचणं आणि फील्डवर्क आहे का, ते बघा.

घडवंची:
संस्था चालवायला वेगळी पदवी लागत नाही, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नीट वाचावा लागतो. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज. तो हमखास अडकतो सभेच्या नोटिशीवर. संस्थेच्या घटनेत १५ दिवस लिहिलेले असतात, नोटीस जाते ४ दिवस आधी व्हॉट्सॲपवर, आणि पोच कुणाकडेच नसते. पोचेची सही किंवा रजिस्टर पोस्टाची पावती, हजेरी, ठराव, जुन्यांचे राजीनामे, नव्यांची संमतीपत्रं, सगळं सभेच्या दिवशीच एका फायलीत लावा. रिपोर्ट लटकला की परिशिष्ट १ च्या (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या) उताऱ्यावर जुनीच नावं राहतात. मग बँक सह्या बदलून देत नाही आणि सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक निधीचा) हप्ता थांबतो. कार्यकर्त्यांचे पगार त्याच हप्त्यावर असतात, म्हणून हे इतकं सांगतोय.

सातपुडा:
सनद स्थगित असेल तर धर्मादाय कार्यालयात काहीच करता येणार नाही का?

घडवंची:
वकील म्हणून नाही. पण विश्वस्त असाल तर संस्थेचा चेंज रिपोर्ट तुम्ही स्वतःच्या सहीने दाखल करू शकता, त्याला सनद लागत नाही.