मदत हवी आहे: पुण्यातल्या गच्चीवरून ओमेगा सेंटॉरी

नमस्कार मंडळी,

सिंहगड रस्त्याला सोसायटीची गच्ची, ८० मिमीचा एफ/५ रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण), जुना कॅनन डीएसएलआर आणि मोटरवालं इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांच्या मागे फिरणारा स्टँड), एवढा जामानिमा आहे. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ टिपायचाय. सध्या आयएसओ १६००, ३० सेकंदांच्या फ्रेम्स काढून डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करतोय.

गुच्छ येतो, पण गाभा पांढराफटक. एकही तारा सुटा दिसत नाही. क्षितिजाच्या बाजूला चहाच्या रंगाचा पट्टा असतो. लेव्हल्स ताणल्या (म्हणजे फोटोतला अंधुक भाग उजळवला) की आधी तोच उजळतो आणि गुच्छाच्या कडेचे बारीक तारे त्यात बुडतात. झूम केल्यावर प्रत्येक ताऱ्याला वरून निळी, खालून लाल किनार. लेन्सचा दोष असता तर जांभळं वलय सगळीकडून दिसलं असतं ना?

दुकानदार प्रकाश-प्रदूषणाचा फिल्टर घ्या म्हणतोय. किंमत बघता आधी इथे विचारावं म्हटलं. शिवाय शेजारच्या टॉवरमुळे ध्रुव दिसत नाही, त्यामुळे पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) अंदाजपंचेच. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

फिल्टर घेऊ नका. तो सोडियमच्या पिवळ्या दिव्यांपुरता ठीक होता. आता सगळीकडे पांढरे एलईडी, आणि गुच्छाचा उजेड म्हणजेही ताऱ्यांचाच, सगळ्या रंगांचा. एकाला अडवाल तर दुसराही अडेल. तेजोमेघांची गोष्ट वेगळी.

ताऱ्यांच्या निळ्या-लाल कडा हवेमुळेच दिसतात. पुण्यातून ओमेगा जेमतेम २४ अंश वर चढतो, म्हणजे डोक्यावरच्या मानाने जवळपास अडीचपट हवेतून बघताय. मेच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास तो मध्यमंडलावर, म्हणजे सगळ्यात उंच येतो, तेव्हाच काढा. आयएसओ ८००, १० ते १५ सेकंद, पण फ्रेम्स भरपूर. छोट्या एक्स्पोजरमुळे अलाइनमेंटची चूकही खपून जाते. तरी एकदा ड्रिफ्ट पद्धतीने (तारा कुठे सरकतो ते बघून) माउंट बसवाच, त्याला ध्रुव लागत नाही. पट्टा सिरिल सॉफ्टवेअरमधल्या बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनने (पार्श्वभूमीचा उजेड वजा करून) काढा, लेव्हल्स ताणण्याच्या आधी.

हात बसेपर्यंत एम ५ हा दुसरा तारकागुच्छ घ्या. तो आपल्याकडे ७३ अंशांपर्यंत चढतो, निम्मी दुखणी तिथेच कमी होतील.

गाभा मुळात फ्रेममध्येच जळलाय की लेव्हल्स ताणताना, हे आधी कळायला हवं. एक कच्ची रॉ फ्रेम इथे टाका, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून सांगतो.